केस, उपास आणि खोटे बोलणे

गेल्या जूनमध्ये, दहावीचे क्लास सुरू होऊन चारच दिवस झाले असतील, माझ्या मुलाने स्कूटरची किल्ली जेवणाच्या टेबलावर माझ्या पुढ्यात ठेवली आणि आवाज अजिबात न चढवता विचारले, "आई, चौकात मामा उभा असला तर मागच्या गल्लीने जा, असं काल तूच सांगितलंस. आणि मागच्या वर्षी मी मित्राची जर्नल बघून उतरवली, तेव्हा दोन तास बोलत होतीस. यातलं नक्की काय चूक आहे, ते एकदा ठरवून सांग." बडोद्यात मुले वाहतूक पोलिसाला मामा म्हणतात, एवढे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

मुलगा तेव्हा १५ वर्षांचा होता. आपल्या कायद्यानुसार १६ ते १८ या वयात फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो, आणि आमच्या घरातली स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे सगळे मला ठाऊक होते. रावपुऱ्यातून क्लासला जाणारी निम्मी मुले अशीच जातात, हेही ठाऊक होते. वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईकडे त्या वेळी उत्तर मात्र नव्हते.

पालकसभेत मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार म्हणजे "मॅडम, हल्ली उलट बोलतो", आणि माझ्याच घरी ती वेळ आल्यावर मी जरा नेटाने वाचायला घेतले. विकासाच्या मानसशास्त्रात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक भेद फार बारकाईने तपासला गेला आहे. तो एकदा समजला की मुलगा वाद घालतो तेव्हा नेमका कशाबद्दल घालतो, हे पुष्कळसे उलगडते. तो भेद सोप्या भाषेत मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उत्तरायणाचे उदाहरण घेऊ. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला बडोद्यातली एकही गच्ची रिकामी नसते. त्या दिवशी आमच्या गच्चीवर दोन नियम असतात. पहिला असा, की देवाला तिळगुळाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय पतंग चढवायचा नाही. आणि दुसरा, की चायनीज दोरी वापरायची नाही. आता कोणत्याही मुलाला विचारा, "समजा हा नियम आपल्या घरात नसताच, तर तसे केलेले चालले असते का?" नैवेद्याबद्दल तो म्हणेल, की हो, चालले असते, शेजारच्यांकडे असा नियम कुठे आहे? नायलॉनच्या दोरीबद्दल मात्र तो असे म्हणणार नाही, कारण त्या दोरीने दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरतो आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर तिच्यावर बंदी घातली. पण बंदी नव्हती तेव्हाही गळा चिरतच होता.

"नियम नसता तर?" हा प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना निरनिराळ्या रीतीने विचारला. त्यातून त्यांना दिसले, की बालवाडीतली मुलेसुद्धा दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखतात. दुसऱ्याला इजा होणे, कोणावर अन्याय होणे, कोणाची वस्तू हिरावली जाणे, या गोष्टी बाईंनी परवानगी दिली तरी मुलांना चूकच वाटतात. त्यांना आपण नीतीच्या गोष्टी म्हणू. गणवेश घालणे, बाईंना नावाने हाक न मारणे, डाव्या हाताने न वाढणे, हे मात्र त्या त्या ठिकाणचे ठरलेले नियम आहेत आणि ठरवणाऱ्यांनी बदलले तर बदलू शकतात, हेही मुलांना कळते. त्या रूढीच्या गोष्टी. लॅरी नुची या अभ्यासकाने पुढे तिसरा कप्पा दाखवला, तो खासगी गोष्टींचा: केस कसे ठेवायचे, कोणाशी मैत्री करायची, डायरीत काय लिहायचे. यात नीतीही नाही आणि रूढीही नाही, हा माझा प्रश्न आहे, असे मूल मानते. आणि वय वाढते तसा हा कप्पा मोठा होत जातो.

ज्युडिथ स्मेटाना यांनी किशोरवयीन मुलांच्या घरांतली भांडणे अभ्यासली. त्यांचे निष्कर्ष वाचून मला हायसे वाटले, आणि थोडी लाजही वाटली. रोजची बहुतेक भांडणे चोरी, फसवणूक किंवा मारामारी यांबद्दल नसतातच. ती पसरलेली खोली, कपडे, झोपण्याची वेळ, अभ्यास आणि फोन यांबद्दल असतात. आईवडील त्या गोष्टीला रूढीचा किंवा शिस्तीचा प्रश्न मानतात, मूल तिला स्वतःचा खासगी प्रश्न मानते, आणि दोघेही आपापल्या कप्प्यातून बोलत राहतात. नीतीच्या बाबतीत मात्र, म्हणजे दुसऱ्याला इजा पोचेल अशा गोष्टींत, आईवडिलांना नियम करण्याचा अधिकार आहे, हे किशोरवयीन मुलेही बहुतांशी मान्य करतात. उलट बोलणारा मुलगा आपली नीती टाकून देत आहे, असा अर्थ आपण काढतो, तो म्हणूनच घाईचा असतो.

आपल्या मराठी घरांत ही गोष्ट अधिक अवघड होते, आणि त्याला माझ्या मते एक शब्द जबाबदार आहे: संस्कार. मोठ्यांच्या पाया पडणे, खोटे न बोलणे, दिवेलागणीला झोपून न राहणे, गरिबाची टिंगल न करणे, रात्री नखे न कापणे, पानात न टाकणे, हे सगळे आपण एकाच गाठोड्यात बांधून मुलाच्या डोक्यावर देतो. आठव्या वर्षी ते गाठोडे तो निमूट वाहतो. चौदाव्या वर्षी, केव्हातरी, रात्री नखे कापून काहीच होत नाही हे त्याच्या लक्षात येते, आणि गाठोड्याची गाठ तिथे सुटते. आतल्या वस्तू वेगवेगळ्या वजनाच्या आहेत हे आपण त्याला कधी सांगितलेलेच नसल्यामुळे, नखांबरोबर खोटे न बोलणेही रस्त्यात सांडण्याची भीती असते.

गायकवाडांच्या काळात आलेल्या आणि चार-पाच पिढ्या इथेच राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत "आपल्यात असं करत नाहीत" हे वाक्य महाराष्ट्रातल्यापेक्षाही जास्त वेळा म्हटले जात असावे, कारण घराबाहेर पडले की सगळा कारभार गुजरातीत चालतो आणि रीतिरिवाज हेच आपलेपण टिकवण्याचे साधन उरते. मला ते वाक्य प्रिय आहे. पण माझ्या मुलाच्या बाकावर एका बाजूला बटाटाही न खाणारा जैन मित्र बसतो आणि दुसऱ्या बाजूला दाऊदी बोहरा मित्र. रीत घराघराला वेगळी असते, हे त्याला तोंडपाठ आहे. तिघांच्याही घरी मित्राचे पैसे ढापणे सारखेच वाईट मानतात, हेही त्याने पाहिले आहे. थोडक्यात, जो भेद मी पुस्तकातून शिकले, तो त्याला मधल्या सुट्टीतल्या डब्यांनी आधीच शिकवला होता. गोंधळ माझ्या बोलण्यात होता.

नीतीच्या विकासाचा विषय निघाला की लॉरेन्स कोहलबर्ग यांच्या पायऱ्या हमखास सांगितल्या जातात. १९५८ सालच्या आपल्या प्रबंधापासून त्यांनी मांडले, की मूल आधी शिक्षेच्या भीतीने, नंतर चारचौघांत चांगले ठरावे म्हणून किंवा कायदा आहे म्हणून, आणि झालेच तर पुढे स्वतःला पटलेल्या तत्त्वांवरून बरे-वाईट ठरवते. त्यांचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर होता. त्यांच्याबरोबर काम केलेल्या कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की काळजी आणि नाती यांतून होणारा नैतिक विचार या शिडीवर नीट मोजलाच जात नाही. मला या शिडीचा उपयोग एवढाच वाटतो, की पंधरा-सोळाव्या वर्षी "मित्र काय म्हणतील" हा विचार मनावर स्वार असणे हे बिघडण्याचे लक्षण नसून वयाचे लक्षण आहे, हे ध्यानात राहते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ देऊन पाहिले, तर सोबत मित्र असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या बाबतीत तसे झाले नाही. मित्रांदेखत मुलाशी नीतीची चर्चा करू नये, हे मात्र त्यासाठी प्रयोग न वाचताही कळायला हरकत नाही.

आता सचोटी. खरे बोलणे आणि सचोटी यांत फरक आहे. एखादा माणूस आयुष्यात एकही वाक्य खोटे न बोलता लबाड असू शकतो; सचोटी म्हणजे कोणी पाहत असताना आणि नसताना माणूस एकच असणे. किशोरवयात मुलांची तर्कशक्ती नव्यानेच धारदार झालेली असते, आणि ती पारखून पाहायला सर्वांत जवळ सापडतात ते आईवडील. आमच्या राज्यात १९६० पासून दारूबंदी आहे. काही घरांतले काका शनिवारी दमणला का जातात, हे त्या घरातल्या नवव्या इयत्तेच्या मुलीला नेमके माहीत असते. अकरावीत मुलाचे नाव डमी शाळेत घालतात, तो दिवसभर क्लासमध्ये बसतो आणि शाळेच्या हजेरीपटावर मात्र रोज हजर दिसतो. ही व्यवस्था आईवडिलांनी, शाळेने आणि क्लासने मिळून त्याच्यासमोर बसून ठरवलेली असते. त्याच मुलाला त्याच संध्याकाळी कॉपी न करण्याचे महत्त्व सांगायला बसणे, हे निदान मला जमणार नाही.

शिक्षेने खोटेपणा जातो, हा आपला आणखी एक जुना समज आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना प्रसिद्ध केली. एका शाळेत मारण्याची पद्धत होती, दुसरीत नव्हती. मारणाऱ्या शाळेतली लहान मुले अधिक संख्येने खोटे बोलली आणि ते खोटे त्यांनी अधिक सफाईने निभावले. ती मुले तीन-चार वर्षांची होती, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा दहावीला लावता येणार नाही. पण एका वर्गात छडी हरवली की जर्नलमधल्या चुका अचानक खऱ्या दिसू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

स्कूटरच्या प्रश्नाला मी दोन दिवसांनी उत्तर दिले. त्याला सांगितले, की जर्नल उतरवणे चूक होते, कारण न केलेला प्रयोग केला असे तू लिहून दिलेस. आणि तुला गाडी देणेही चूक होते, कारण तुझ्या हातून कोणी जखमी झाले असते तर मागच्या गल्लीने गेल्याने ते भरून निघाले नसते. मामा हा त्यातला सर्वांत छोटा मुद्दा होता आणि मी तोच मोठा केला. किल्ली कपाटात गेली. त्यानंतर सकाळचा क्लास सायकलने आणि संध्याकाळचा बाबांच्या मागे बसून, अशी घडी बसायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत घरातला प्रत्येक माणूस प्रत्येकावर चिडलेला होता. मुलगा सर्वांत जास्त, कारण मित्रांत हसू झाले ते त्याचे.

श्रद्धेचा प्रश्न आमच्याकडे मुलीकडून आला. ती सतरा वर्षांची आहे. तिने एका संकष्टीला सकाळी पोहे मागितले आणि "आजी, मी आता उपास करणार नाही, मला त्यातलं काही वाटत नाही" असे सरळ सांगून टाकले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर त्यांचा जप नेहमीपेक्षा मोठ्याने चालला होता. त्यांची भीती मला नंतर कळली. पोह्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. देव सुटला की पाठोपाठ चांगुलपणाही सुटेल, असे त्यांना वाटत होते, आणि ही भीती आपल्यापैकी पुष्कळांना असते.

या भीतीला उत्तर म्हणावे असा एक अभ्यास नुची आणि ट्युरिएल यांनीच १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. आमिश-मेनोनाइट या अत्यंत धार्मिक ख्रिस्ती पंथातल्या आणि परंपरानिष्ठ ज्यू कुटुंबांतल्या मुलांना त्यांनी विचारले, की तुमच्या धर्मग्रंथात अमुक दिवशी काम करू नये हा नियम नसता, तर काम केलेले चालले असते का? बहुतेक मुले म्हणाली, हो, चालले असते. मग विचारले, देवाने चोरीबद्दल काहीच सांगितले नसते तर चोरी चालली असती का? तिथे बहुतेकांनी नाही म्हटले, कारण ज्याचे चोरीला जाते त्याचे नुकसान होतच राहते. म्हणजे कडक धार्मिक घरांत वाढलेली मुलेसुद्धा उपासाची गोष्ट आणि चोरीची गोष्ट एकाच दोरीला बांधत नाहीत. उपास सोडणाऱ्या नातीने फक्त उपास सोडलेला असतो.

उपास सोडणे म्हणजे श्रद्धा सोडणे, असेही नेहमी नसते. जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांच्या मते किशोरवयातली श्रद्धा बहुधा आपल्या माणसांकडून जशीच्या तशी घेतलेली, म्हणजे आपल्या भाषेत उसनी असते. तिची उलटतपासणी झाल्यावर काहींच्या बाबतीत ती स्वतःची होते. ही तपासणी पुष्कळदा विशीनंतर होते, काहींची सतराव्या वर्षी सुरू होते, काहींची कधीच होत नाही. मुलीने मला एका रात्री विचारले, "आई, तू देव मानतेस का? खरं सांग." मी खरे सांगितले: गणपतीसमोर हात जोडताना मला बरे वाटते, पण तो माझे ऐकतो की नाही याची मला खात्री नाही. हे उत्तर देताना मला जितकी धाकधूक वाटली, तितकी पगारवाढ मागतानाही वाटली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "मग आजीला का नाही सांगत?" त्याचे उत्तर मी टाळले, आणि टाळते आहे हेही तिला सांगितले. पुढच्या संकष्टीला सासूबाईंनी स्वतःच तिच्यासाठी पोहे केले आणि संध्याकाळी आरतीला ये म्हणाल्या. ती गेली.

तिन्ही कप्पे इतके स्वच्छ वेगळे असते तर हा लेख इथेच संपला असता. पण एक मोठी अडचण उरते, आणि ती समजावायला बडोद्याइतके योग्य ठिकाण नाही. कमाटीबागेत, जिला कागदोपत्री सयाजीबाग म्हणतात, दरवर्षी २३ सप्टेंबरला हजारो माणसे जमतात. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या करारानुसार ते १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहाचा रखवालदार, नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, या अटीवर तयार झाला. रोजचे दीड रुपया भाडे ठरले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन गेली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही वेगवेगळी कारणे सांगून टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास आंबेडकरांनी या बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

एका रविवारी मी दोन्ही मुलांना तिथे घेऊन गेले आणि हे सांगितले. मुलाचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता: "पण वहीत खोटं नाव लिहिलं, ते चूक नव्हतं का?" यावर आमचे चांगले अर्धा तास बोलणे झाले. मुलीचे म्हणणे होते, की ज्या वहीला माणसाची जात-धर्म विचारण्याचा अधिकारच नव्हता, तिला खरे उत्तर देण्याचे बंधन नव्हते. मुलाला ते पटले, पण पुरते नाही. कोणत्या वहीला अधिकार आहे ते जो तो स्वतःच ठरवू लागला तर जर्नलही उतरवता येईल, असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. मी एवढेच विचारले, की जर्नल उतरवल्याने कोणाची फसवणूक होते, आणि त्या नोंदीने कोणाचे काय गेले?

दुसरा प्रश्न अपेक्षित नव्हता. "ते काठ्या घेऊन आलेले लोक," मुलाने विचारले, "त्यांना आपण वाईट करतोय असं वाटत होतं का?" मला वाटते, नसावे. आपण आपल्या जागेची शुद्धता राखत आहोत, आपली रीत सांभाळत आहोत, अशीच त्यांची समजूत असणार. दार न उघडणाऱ्या मित्रांचीही थोडीफार तीच. ज्याला आपण रीत म्हणतो तिच्यात कोणाचीतरी इजा दडलेली असू शकते, आणि ती रीत पाळणाऱ्याला ती सहसा दिसत नाही. १९०४ साली बडोदे संस्थानाने बालविवाहाला कायद्याने बंदी केली, तेव्हाही ज्यांना तो कायदा जाचला, त्यांना आपल्या घरच्या रीतीत सरकार नाक खुपसते आहे असेच वाटले असणार.

बागेबाहेर शेव-उसळ खाताना मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे मागच्या गॅलरीच्या खिडकीत तो कप आहे ना, कान तुटलेला, मावशींच्या चहाचा. तो कुठल्या कप्प्यात?"

मावशी आमच्याकडे अकरा वर्षे काम करतात. कप सासूबाईंच्या काळापासून तिथे आहे आणि मी तो रोज पाहते. त्या संध्याकाळी मी तो आत आणून इतर कपांबरोबर फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खिडकीत होता. सासूबाईंनी ठेवला, की सवयीने मावशींनीच, हे मी अजून विचारलेले नाही.